वापसा कोणी ओळखायचा?

पाडवा झाला की धाराशिव जिल्ह्यातले शेत उघडे पडते. ज्वारी, हरभरा घरी आलेला असतो, नांगरटीची ढेकळे उन्हात तापत असतात आणि मृगाला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो. जमीन निरखायची तर हाच काळ, कारण तिच्यावर काहीच उभे नसते. 2021 च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंतची उड्डाणे सोपी केली, 2023 मध्ये बचत गटांतल्या महिलांसाठी नमो ड्रोन दीदी योजना आली, आणि फवारणीबरोबरच पेरणीआधीच्या पाहणीलाही ड्रोन वापरता येतो हे गावोगाव कळले. पाहणीचा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. मुळात तो ज्ञानाचा आहे, आणि थोडा धर्माचाही. ज्याने शेत वरून पाहिले त्याला शेत कळले, असे म्हणायचे का? माझे म्हणणे असे की कळण्याच्या आड उंची येत नाही. पाहणाऱ्याला आपल्या पाहण्याचे काही भोगावे लागत नसेल, तर मात्र ते पाहणे ज्ञानाच्या पंगतीला बसत नाही.

आधी ड्रोनला काय दिसते ते नीट पाहू. उभ्या पिकावर त्याची करामत मोठी: निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त प्रकाश परतवते, त्यावरून कुठले पीक मलूल आहे ते नकाशावर रंगून येते. उघड्या रानात पानच नाही. तिथे दिसतात ते मातीचे रंग, चढउतार, पाण्याने पाडलेल्या ओघळी, हराळी-लव्हाळ्याचे हिरवे ठिपके. बांधावर उभ्या माणसाला दोन एकरांचा उतार एका नजरेत येत नाही, नकाशात येतो. हा लाभ खराच आहे. पण नकाशावरचा एखादा फिकट पट्टा घ्या. तो चुनखडीचा असेल, वरची माती वाहून मुरूम उघडा पडल्याचा असेल, किंवा वळवाच्या सरीनंतर तेवढाच भाग आधी वाळला असेल. कारणे तीन, रंग एकच. आपल्या न्यायदर्शनाने धुरावरून अग्नी ओळखण्याला अनुमान म्हटले आणि ते प्रमाण मानले, पण धूर आहे की धुके याचा निवाडा आधी करून घ्यायला सांगितले. ड्रोनचे चित्र हे असे अनुमान आहे. त्याचा निवाडा कुदळीने वीतभर खणूनच होतो. वापशाचे, म्हणजे मातीत पेरणीजोगी ओल येण्याचे, तर विचारूच नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस पडल्यावरही पाभर नेमकी कोणत्या दिवशी घालायची, हे मूठभर माती दाबून पाहिल्यावर ठरते. गोळा होऊन चिकटली तर थांबायचे, दाबल्यावर अलगद फुटली तर पेरायचे.

यावर श्रद्धेच्या बाजूने एक आक्षेप येतो. शेत ही काळी आई, तिच्यावर यंत्राचा डोळा फिरवणे हा तिचा अवमान, असे काहींना मनातून वाटते. या भावनेमागे मोठा आचार आहे. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिव आणि लातूरकडची गावे ओस पडतात. सगळे घर रानात जाते, कडब्याची कोपी करून पाच दगडांचे पांडव मांडले जातात, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य होतो, शेताला फेरी घालून शिंपण केले जाते. ज्या जमिनीला वर्षातून एकदा असे पायांनी वळसा घालून जेवू घालायचे, तिची मोजणी आकाशातून व्हावी हे खटकणे समजू शकते. पण आपल्या परंपरेने दुरून पाहण्याला कधी नाक मुरडलेले नाही. पेरणीचा हिशेब नक्षत्रांवर लावणारा आणि पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन कोल्हा की बेडूक हे पाहणारा शेतकरी शेताबाहेर, पार आकाशात बघूनच शेताचे ठरवत आला. (वाहनावरून पाऊस कळतो यावर माझा विश्वास नाही. ड्रोनचा अंदाज त्याहून कितीतरी भरवशाचा.) आक्षेपातले खरे मर्म दुसरीकडे आहे. तुळजापूरला माणूस देवीला पाहायला जातो तेवढाच तिच्या नजरेस पडायला जातो. ते पाहणे दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून भक्ताला तिथे हिशेब द्यावा लागतो. ड्रोन पाहतो आणि त्याचा चालक कोणालाही दिसत नाही. या एकतर्फीपणाने अवमान होत असेल तर तो भूमीपेक्षा तिच्यावर राबणाऱ्यांचा होतो.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन पायाखालच्या स्पर्शालाच ज्ञान म्हणावे का? याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांच्या दोन कथा इथे समोरासमोर ठेवण्यासारख्या आहेत. एकीत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून ते थापटणे घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर मारत जातात, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पाहतात आणि नामदेव कच्चे ठरतात. स्पर्शज्ञानाचा एवढा गौरव दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण दुसऱ्या कथेत तेच गोरोबा नामस्मरणात दंग होऊन चिखल तुडवतात आणि स्वतःचे रांगते लेकरू त्या चिखलात पायाखाली येते, तरी त्यांना कळत नाही. भक्तीची तल्लीनता सांगायला ही कथा सांगतात; मला तीत ज्ञानाबद्दलचा कठोर इशाराही दिसतो. पाय मातीत असले म्हणजे पायांना कळतेच असे नाही. बापजाद्यांनी पेरले तसेच पेरणारा, ओघळ दरवर्षी खोल होताना रोज तिच्यावरून जाणारा आणि तरीही न पाहणारा शेतकरी असतोच. त्याला वरून काढलेले एक चित्र जागे करू शकते. म्हणून उंची की स्पर्श या वादात मी पडत नाही; माझी कसोटी भोगण्याची आहे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, 1290 च्या त्या ग्रंथात, शेत नेमके कोणाचे यावर मतवाद्यांचे भांडण रंगवले आहे, आणि तेही अस्सल कुळवाडी भाषेत. एक पक्ष म्हणतो, शेत जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ, त्याचे चार भाऊ अंगमेहनत करतात, मन देखरेख करते, इंद्रियांचे बैल जुंपलेले आहेत. त्यात पुढे असे येते की विहिताची वाफ चुकवून अन्यायाचे बी पेरले, तर पापच पिकते आणि ते जीवाला भोगावे लागते. वाफ म्हणजे हाच आपला वापसा. वेळ ओळखणे आणि फळ भोगणे ही दोन्ही इथे एकाच दाव्याला बांधलेली आहेत. वेदान्ती इथे मला अडवेल: हा तर पूर्वपक्ष, सिद्धान्ताप्रमाणे क्षेत्र जाणणारा तो साक्षी आहे, अलिप्त, ज्याला ना पेरायचे ना भोगायचे. मग वरून निर्विकारपणे पाहणारा ड्रोन त्या साक्षीच्याच जवळचा नाही का? नाही. साक्षी अलिप्त आहे कारण त्याला शेताकडून काही नको आहे. ड्रोनचे चित्र मागवणाऱ्याला हमखास काहीतरी हवे असते: विमा कंपनीला दाव्याचा आकडा, निविष्ठा विकणाऱ्याला गिऱ्हाईक, सावकाराला तारणाची किंमत. यंत्राला इच्छा नाही हे खरे, पण यंत्र उडवणाऱ्याची इच्छा चित्र कशाचे काढायचे इथपासून काम करते.

सर्वांत अवघड आक्षेप सामाजिक आहे. शेत कळणे आणि त्याचे भोगणे एकत्र होते, असा काळ होता तरी कधी? सातबाऱ्यावर नाव एकाचे, पाडवा ते पाडवा राबणारा सालगडी दुसरा, खुरपणीला वाकलेली बाई तिसरी. लव्हाळा कुठल्या कोपऱ्यात दरवर्षी उगवतो हे त्या बाईला जितके ठाऊक, तितके मालकाला नसते. तिला मात्र कोणी विचारत नाही. बटईने कसणाऱ्याचे आणि कोयता घेऊन सहा महिने परमुलखात जाणाऱ्याचेही तेच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यामुळेच ड्रोनची भीती जास्त आहे. पूर्वी पुण्यात राहणाऱ्या मालकाला निदान गड्याला विचारावे तरी लागे. आता त्याच्या फोनवर नकाशा येईल आणि ते विचारणेही संपेल. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत परंडा, भूम भागात जमिनी खरडून गेल्या. वरची माती गेलेल्या अशा रानात कुठे किती थर उरला हे वरून पाहणे उपयोगाचे खरे, पण तिथे गाळ भरायचा, सोयाबीन घ्यायचे की वर्षभर पडीक ठेवायचे, हे ठरवताना ज्याच्या ताटातले जाणार आहे त्याचा शब्द शेवटचा हवा. तेव्हा नकाशाची प्रत मालकाइतकीच बटईदाराच्या आणि सालगड्याच्या हाती पडली पाहिजे, खुरपणाऱ्या बायकांना समोर बसवून तो दुरुस्त झाला पाहिजे. आणि नकाशाच्या भरवशावर पेरून उगवण फसली, तर दुबार पेरणीच्या बियाण्याचे पैसे कोणाच्या खिशातून जायचे, हे पाडव्याला सालाची आणि बटईची बोली होते तेव्हाच ठरले पाहिजे.