पालकांचा हक्क आणि अपत्याची अमानत

आपले मूल कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण क्षणाचाही विलंब न लावता ‘माझे’ असे उत्तर देऊ. हे उत्तर पूर्ण आहे की अपुरे, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आमच्या मशिदीत नियमित नमाजला येणाऱ्या एका गृहस्थांमुळे आली.

काही वर्षांपूर्वी ते चिंतातुर होऊन माझ्याकडे आले. त्यांची मुलगी एका अनुदानित शाळेत पाचवीत शिकत होती. तेथील एका पूजाविधीत प्रत्येक विद्यार्थ्याने सहभागी व्हावे, असे सांगण्यात आले होते. ते म्हणाले, “मौलाना, मुलगी माझी आहे. तिला काय शिकवायचे ते मीच ठरवणार ना?” मी होकार दिला आणि मराठीत अर्ज लिहून दिला. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ चा तिसरा खंड याबाबत स्पष्ट आहे. शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण वा उपासना कोणावरही लादता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाची संमती आवश्यक असते. अर्ज मान्य झाला.

मुलगी आठवी उत्तीर्ण झाली. पुढची शाळा तालुक्याच्या गावी, एस.टी.ने जावे लागणार. तेच गृहस्थ पुन्हा आले आणि मुलीची शाळा थांबवत असल्याचे सांगून त्यांनी तेच वाक्य उच्चारले, “मौलाना, मुलगी माझी आहे. मीच ठरवणार ना?”

वाचकहो, या वेळी मी निरुत्तर झालो. पहिल्या वेळी ज्या वाक्याने मुलीच्या श्रद्धेचे रक्षण केले, त्याच वाक्याने आता तिचा मार्ग बंद होत होता. मग ते वाक्य पहिल्या वेळी चुकीचे होते काय?

नव्हते. पालकांचा हा हक्क किती मोलाचा आहे, हे जगाने अनुभवातून ओळखले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९२२ मध्ये कायदा केला की, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच शिकले पाहिजे. या कायद्याचा रोख प्रामुख्याने कॅथलिक शाळांवर होता. १९२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द ठरवला. मूल ही काही राज्याची निर्मिती नव्हे. त्याला घडवण्याचा हक्क आणि कर्तव्य त्याचे संगोपन करणाऱ्यांचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. नाझी राजवटीने मुलांना घरापासून तोडून आपल्या विचारांच्या साच्यात ओतले; तो अनुभव ताजा असताना पश्चिम जर्मनीने १९४९ साली आपल्या मूलभूत कायद्यात संगोपन हा माता-पित्यांचा नैसर्गिक हक्क म्हणून नोंदवला. मात्र त्याच वाक्यात ते त्यांचे कर्तव्य असल्याचेही नमूद केले.

आपल्या संविधानातही या दोन्ही बाजू दिसतात. अनुच्छेद २८ मध्ये पालकाच्या संमतीला मान आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ क मध्ये पालकांचे एक कर्तव्य जोडले: सहा ते चौदा वर्षे वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे. त्याच दुरुस्तीने याच वयातील बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला.

चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्या मुलीचा प्रश्न नेमका तेथूनच सुरू होत होता.

विस्कॉन्सिन राज्यातही एकदा हाच प्रश्न उभा राहिला. आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या व त्याला जवळच्या मेनोनाइट पंथाच्या काही पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्यास नकार दिला. आपल्या श्रद्धेला आणि साध्या जीवनपद्धतीला त्यातून धोका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. परंतु न्यायमूर्ती डग्लस यांनी एक अंशतः भिन्न मत नोंदवले. खटल्यात तीन मुलांचे भवितव्य पणाला लागले होते आणि साक्ष एकाच मुलीची झाली होती. उरलेल्या दोघांना काय वाटते, हे कोणी विचारले आहे काय, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल वाचताना मला सूरह साफ्फातमधील आदरणीय इब्राहीम (अ.) यांचा प्रसंग आठवला. स्वप्नात त्यांना पुत्राच्या बलिदानाचा संकेत मिळाला. पैगंबरांचे स्वप्न म्हणजे ईश्वरी आदेशच. तरीही त्यांनी पुत्राला हाक मारली, स्वप्न सांगितले आणि त्याचे मत विचारले. ज्या पित्याजवळ अल्लाहचा आदेश होता त्याने विचारले; आणि ज्याच्याजवळ केवळ स्वतःची भीती आहे तो विचारत नाही!

पवित्र कुरआनने दूध तोडण्यासारखी घरगुती बाबसुद्धा आई-वडिलांच्या परस्पर संमतीवर आणि सल्लामसलतीवर सोपवली आहे (सूरह बकरह, आयत २३३). आदरणीय बशीर (रजि.) यांनी आपल्या एका मुलाला, नोमान यांना, काही देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार होण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे काय, अशी विचारणा प्रेषितांनी केली. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला आणि अपत्यांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. मालमत्ता पित्याची होती, मुलेही त्याचीच होती. तरी ‘माझे आहे’ एवढे कारण तेथे पुरेसे ठरले नाही. याचे कारण इस्लाममध्ये अपत्य ही अमानत आहे. अमानतीचे रक्षण तिच्या धन्यासाठी करायचे असते, आणि तो धनी अल्लाह आहे.

काही वाचक म्हणतील, माता-पित्यांच्या आज्ञापालनावर कुरआनने केवढा भर दिला आहे! निःसंशय दिला आहे. परंतु आज्ञापालन हे मुलांचे कर्तव्य आहे. ते पित्याच्या प्रत्येक निर्णयाच्या योग्यतेचे प्रमाणपत्र नव्हे. दुसरे कोणी म्हणतील, मग मुलांचे सारे निर्णय शासनानेच घ्यावेत. तेही मला मान्य नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र जागून काढणारी आई शासनाच्या कोणत्याही विभागात सापडणार नाही. म्हणून पालकांच्या हक्काचे संवैधानिक कुंपण हवेच. कुंपण बाहेरच्या आक्रमणापासून वाचवते. आतील रोपाला पाणी घालण्याचे काम मात्र राखणदारालाच करावे लागते.

त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, “भाई, मुलीला विचारलेत का?” ते गप्प राहिले. दोन दिवसांनी येऊन म्हणाले, “तिला शिकायचे आहे. पण मौलाना, मला एस.टी.च्या प्रवासाची भीती वाटते.” ही भीती खोटी नव्हती, आणि ती धार्मिकही नव्हती. मोहल्ल्यातील आणखी दोन मुली त्याच शाळेत जाणार होत्या. तिघींनी एकत्र जायचे आणि संध्याकाळी तिघींपैकी एकीच्या वडिलांनी थांब्यावर उभे राहायचे, असे ठरले. मुलगी आता नववीत आहे. वडिलांची भीती पूर्णपणे गेलेली नाही. गाडीला उशीर झाला की ते मगरिबच्या नमाजला धावतपळत येतात.

त्यांनी माझे ऐकले नसते तर? कोणताही कायदा त्यांना सहज अडवू शकला नसता, आणि माझ्या हातीही काही नव्हते. म्हणूनच आपणाला विचारावेसे वाटते: जेथे संविधानाने आपल्यावर विश्वास टाकून निर्णय आपल्या हाती ठेवला आहे, तेथे आपण मालक म्हणून निर्णय घेतो की अमानतदार म्हणून? प्रत्येकाला आपल्या हाताखालच्या माणसांविषयी जाब द्यावा लागेल, असे प्रेषितांनी बजावले आहे. त्या दिवशी ‘मुलगी माझी होती’ हे उत्तर होऊ शकणार नाही. प्रश्नाची सुरुवातच तेथून होईल.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत न्यायाने सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.