पारडें आणि गणती
पारड्यांत जें जड तें अधिक, असा आपला व्यवहारी समज असतो. रसायनशास्त्र तो आरंभींच मोडून काढतें. नायट्रोजनच्या एका रेणूस हायड्रोजनचे तीन रेणू लागतात असें सांगतांच विद्यार्थी एका ग्रॅमास तीन ग्रॅम घेऊन बसतो. वस्तुतः एक मोल नायट्रोजन म्हणजे 28 ग्रॅम, आणि तीन मोल हायड्रोजन म्हणजे अवघे 6. दोहोंचा पूर्ण संयोग झाल्यास 34 ग्रॅम अमोनिया मिळतो.

हें गणित निर्दोष आहे. मला अस्वस्थ करतें तें नेमकें हेंच. फ्रिट्झ हाबर यांनीं 1909 सालीं असा संयोग घडवून दाखविला. 1913 पासून ओपाऊ येथें त्याचा कारखाना चालूं लागला. त्यांतून शेतांस खत मिळालें, आणि पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या स्फोटकांस नायट्रिक आम्लहि. 17 ग्रॅम अमोनियापासून अधिकांत अधिक 63 ग्रॅम आम्ल होतें. तें खतास जावें कीं तोफगोळ्यास, याला समीकरणांत जागा नाहीं.

"मीं केवळ प्रमाण काढलें," एवढ्यानें रसायनज्ञास सुटतां येईल काय? हाबर यांना तर ही सबबहि नाहीं. 1915 च्या एप्रिलांत बेल्जममधील ईप्र येथें क्लोरीन सोडला गेला, तेव्हां देखरेखीस ते स्वतः होते. पण माझा प्रश्न त्यांच्याविषयीं नाहींच. ज्यानें वहींत नुसते आंकडे मांडले, त्या अनामिक मदतनिसाचा वांटा कोणत्या मापानें मोजावा? वजनानें तो नगण्य ठरेल. परंतु त्या 34 ग्रॅमांत हायड्रोजनहि सहाच ग्रॅम होता, आणि त्यावांचून अमोनियाचा एक रेणूहि झाला नसता.