चाक कोणाचं

आपली वस्तू, आपला पैसा, मग तिचं आपण काय वाटेल ते करावं की नाही? प्रश्न जुनाच आहे. आमच्या भागात तो जमिनीवरून सारखा निघतो. माझ्या घरात मात्र तो निघाला जुन्या ओम्नीच्या चाकांवरून, आणि वाटला होता त्यापेक्षा खोल गेला.

राई, मुर्धा, मोर्वा ही भाईंदर पश्चिमेची गावं, उत्तनच्या रस्त्यावरची. त्यातल्याच एका गावातला मी. मिठागरं, भाताची खाचरं आणि हिवाळ्यात थोडी भाजी, एवढ्यावर आमचे आजे-पणजे जगले. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि मधल्या काळात कित्येकांची शेतं टॉवरखाली गेली. ज्यांनी दिली त्यांच्या दारात आज दोन-दोन मोठ्या गाड्या आहेत. मी दिली नाही. अजून भात लावतो, वाल, मुळा, पालेभाजी करतो. म्हणून माझ्या पोराच्या हातात २००८ सालची, एमएच-०४ नंबरची ओम्नी आहे.

या गाडीबद्दल थोडं बोललंच पाहिजे. १९८४ साली ती आली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं, ओम्नी नंतर झालं. २०१९ ला तिचं उत्पादन बंद पडलं. पस्तीस वर्षं तिने काय नाही वाहिलं! शाळेची पोरं, रुग्ण, गॅसच्या टाक्या, लग्नाची वऱ्हाडं. हिंदी सिनेमातल्या गुंडांना माणूस पळवायलाही हीच लागायची, ते त्या सरकत्या दारामुळे. इंजिन ७९६ सीसीचं, पुढच्या सीटखाली. ताकद मागच्या चाकांना, मागे पाट्यांची स्प्रिंग, आणि चाकं बारा इंची. बारा इंच म्हणजे फार लहान. उभी गाडी बघितली तर वाटतं, मोठ्या माणसाने लहान पोराच्या चपला घातल्यात.

तेच पोराला खुपलं. त्याला चौदा इंची ॲलॉयची चाकं हवी होती. गॅरेजवाले मॅगव्हील म्हणतात ती, चांदीसारखी चकाकणारी. आमच्याकडे हळदीच्या रात्री सगळं गाव लोटतं, मैदानात गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत याच्या गाडीला मित्र ‘भाजीचा डबा’ म्हणतात. मी नको म्हटलं तेव्हा तो आमच्या आगरी बोलीत सरळच म्हणाला, “बाबा, गारी माजी, पैसं माजं, मंग तुमी कनाला बोलताव?”

का बोलतो, याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. गाडी त्याच्या नावावर आहे, पैसा त्याने पहाटे तीनला उठून भाजी विकून मिळवलेला आहे. शिवाय जमीन न विकण्याचं तत्त्व माझं, आणि त्याची किंमत हळदीच्या मैदानात भरतो तो. हे मला ठाऊक आहे. जमीन राखल्याचा मला पस्तावा नाही, पण पोराच्या हौसेला ‘माज’ म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे उरत नाही. आमच्या पिढीला ती खोड आहे. पोराने केस वाढवले माज, बूट घेतले माज. आम्ही काय कमी हौशी होतो? पोळा घाटावर, आमच्याकडे बैल सजायचे ते दिवाळीच्या पाडव्याला. शिंगं रंगवायची, अंगभर गेरूचे ठप्पे, गळ्यात नव्या माळा. बैल त्याने जास्त नांगरत नव्हता. डोळ्याला बरं वाटायचं, दारातलं जनावर चारचौघांत उठून दिसायचं. ही गरज खोटी नाही. गरिबाला तर ती जास्तच असते.

पण शिंगं रंगवणं वेगळं आणि पाय बदलणं वेगळं. लाकडी गाडीचं चाक करताना सुतार आधी बैलाच्या खांद्याची उंची बघायचा. चाक मोठं झालं की साटा वर जातो, ओझं मागे कलतं आणि चढावर गाडी उलाळते. म्हणजे चाकाचं माप चाकात नसायचंच, ते बैलात, वाटेत आणि ओझ्यात असायचं.

ओम्नीचंही तसंच आहे, हे मला एका टायरवाल्याने पटवलं. काशिमिऱ्याच्या बाजूचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने टायरच्या अंगावरचे आकडे वाचून दाखवले. आमचा टायर १४५ रुंदीचा, बारा इंची रिमवरचा. जमिनीपासून वरपर्यंत साधारण ५३७ मिलिमीटर भरतो. पोराने पसंत केलेला १६५/६० आर १४ हा ५५४ भरतो. फरक दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा, म्हटलं तर काहीच नाही. पण मीटर जुन्या मापावर चालतो. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी बासष्टच्या आसपास पळत असेल, आणि हजार किलोमीटर गेल्यावर मीटरवर नऊशे सत्तर पडतील. उद्या ही गाडी कोणी विकत घेतली तर त्याला तीस किलोमीटर कमीच सांगितले जातील, दर हजाराला. कोणी मुद्दाम फसवणार नाही, तरी तो फसेल.

त्याहून महत्त्वाचा आकडा ओझ्याचा. आमच्या जुन्या टायरवर ८० लिहिलंय. ८० म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ४५० किलो पेलायचे. त्या चौदा इंची टायरवर ७५ होतं, म्हणजे ३८७ किलो. मागच्या दोन चाकांचे मिळून सव्वाशे किलो कमी झाले. आमच्या भाषेत अडीच गोणी. टायर दिसायला मोठा, रुंद, आणि पेलायला कमी! पोरालाही ते खरं वाटेना, दोनदा वाचायला लावलं.

मग रिमचं. नटांची भोकं ११४.३ मिलिमीटरच्या घेरावर जुळली म्हणजे चाक बसलं, असं दुकानदार सांगतात. पण मधलं भोक हबवर नीट बसलं नाही तर गाडीचा भार चार नटांवर येतो. लाकडी गाडीत तुंबा आसावर सैल बसला तर काय व्हायचं, ते मला कोणी शिकवायला नको. चाक बाहेर आलं तर बेरिंगवर ताण. गाडी भरली की पाटे दबतात आणि टायर वरच्या कमानीला घासतो. रिम मोठी झाली त्या मानाने रबराची जाडी घटली, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरचा पावसाळी खड्डा सरळ रिमला लागणार. लोखंडी रिम वाकते, ठोकून सरळ होते. ओतीव ॲलॉयला तडा जाऊ शकतो.

कायदाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. यावर पोराकडे तोडगा तयार होता, आणि मला राग आला तो त्याचाच. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. “त्या दिवसापुरती जुनी चाकं लावू, संध्याकाळी परत मॅगव्हील,” तो म्हणाला. सगळे तसंच करतात म्हणे. करत असतील. पण ज्या चाकांवर भाजी, आई, मावशी सगळे रोज बसणार, ती तपासणाऱ्याला एक दिवस दाखवायची नाहीत? पाच वर्षांत एकदाच कोणीतरी परका माणूस आपल्या घरच्यांसाठी ही गाडी तपासतो, आणि त्याच्यापुढे आपण दुसरीच गाडी उभी करायची?

तिथे मला माझं उत्तर थोडं सापडलं. गाडीचं आसन, पडदे, गाणी, देवाचा फोटो, सगळं त्याचं. मी त्यात एक शब्द बोलणार नाही. रंगसुद्धा त्याने बदलावा, पुस्तकात नोंद करून घ्यावी म्हणजे झालं. पण चाक जमिनीला टेकतं ती जागा जेमतेम तळहाताएवढी. चार तळहातांवर अख्खी गाडी, आतली माणसं आणि समोरून सायकलवर येणारा मिठागराचा मजूर, या सगळ्यांचा जीव असतो. तेवढी जागा एकट्या मालकाची नाही.

पोराने यावर एक प्रश्न केला, तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. “कंपनीने बारा इंच दिलं ते काय देवाने सांगितलं? स्वस्तात बसवायला दिलं असेल.” असेलही. कंपनीचं माप म्हणजे वेदवाक्य, असं मीही मानत नाही. घाटावर उसाच्या हंगामात लाकडी चाकं जाऊन टायरगाड्या आल्या तेव्हा बदल चांगलाच होता, गाडी हलकी ओढायची. पण हलकी ओढते म्हटल्यावर मालकांनी ऊस दुप्पट भरला, आणि उतारावर ते सगळं बैलांच्या मानेवर आलं. म्हणून मी बदलाला नाही म्हणत नाही. बदललेल्या चाकाचा भार कोणाच्या मानेवर जातो, एवढं विचारतो. इथे तो मागच्या सीटवर बसणाऱ्या त्याच्या आईच्या मानेवर जात होता.

आठ-दहा दिवस आमचं बोलणं तुटक होतं. मग एक दिवस तोच कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर जाऊन आला, गाड्यांच्या सामानाची दुकानं तिथे रांगेने आहेत. येताना चिठ्ठीवर आकडे लिहून आणले. बारा इंचांतही ॲलॉय मिळतात म्हणे, पण त्यात मजा नाही. तेरा इंचांत ईकोचा टायर ओझं पेलतो, पण तो आमच्या टायरपेक्षा साधारण चार सेंटीमीटर उंच, कमानीला घासणार. १६५/६५ आर १३ मापाला जवळ येतो, फरक पाऊण सेंटीमीटरच, पण त्याच्यावर ७७ आहे, म्हणजे ४१२ किलो. “अजून अडतीस किलो कमी पडतात,” तो म्हणाला. आकडा त्याने स्वतः काढला होता.

आता तो तेरा इंचांत ८० लिहिलेला, उंचीला जुळणारा टायर शोधतोय. मिळाला तर आधी आरटीओत विचारून यायचं असं ठरलंय. अर्धे पैसे मी घालणार आहे.