खाली सही नाही

गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून काढलेलं चित्र नक्की कुणाचं? आमचा पुतण्या सांगलीला चित्रकला शिकतो. पुण्याच्या डिझाइन स्टुडिओत नोकरी हवी म्हणून सध्या निवडक चित्रांची फाईल बांधतोय आणि या प्रश्नानं त्याची झोप उडालीय. तिथे चित्राखाली सही करू देत नाहीत म्हणे! मी पडलो बँकेतला कारकून. सही नाही म्हणजे चेक परत, एवढंच आमचं तत्त्वज्ञान.

साताऱ्याकडच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण नव्हती. रामायणाची चित्रं त्यांनी स्वतः रंगवली; गिऱ्हाईकही तेच, चित्रकारही तेच. ‘महाराज, निळा जरा कमी करा,’ म्हणण्याची कुणाची छाती होती? त्यांच्याच संस्थानातल्या (आज सांगली जिल्ह्यातल्या) किर्लोस्करवाडीत मात्र शं. वा. किर्लोस्कर लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आले आणि कारखान्याच्या जाहिराती करू लागले. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तीही कारखान्याचीच.

मला विचाराल तर जोखीम शंवाकींची जास्त. चित्रातला मारुती कुणी ताडून बघत नाही. नांगर शेतकरी घरी नेतो, मातीत घालतो आणि चित्रातल्यासारखा चालला नाही तर खाली सही कुणाची हे न बघता थेट वाडीला येतो.