गुलछडीला वाफ सोसत नाही

शिर्डीच्या आसपासच्या गावांत गुलाब पिकतो, गुलछडीही पिकते. हारात दोन्ही एकाच दोऱ्यात ओवली जातात. अत्तर काढणाऱ्याला मात्र दोघांशी वेगळं वागावं लागतं.

गुलाब उकळणं सोसतो. कनौजचे कारागीर तांब्याच्या देगेत पाकळ्या नि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते, तिथल्या चंदनतेलात गंध मुरतो. निव्वळ गुलाबतेल हवं तर किलोभरासाठी तीन-चार टन फुलं लागतात. हे तेल सापडल्याचं श्रेय जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. गरम गुलाबपाण्यावर धरलेली तवंगासारखी साय तिने थोडी थोडी जमा केली. ती टाकून द्यावी असं तिला वाटलं नाही, एवढीच काय ती विद्या!

गुलछडीला हा जाळ चालत नाही. उष्णतेने तिचा गंध बिघडतो. पण खुडल्यावरही ती गंध निर्माण करत राहते. फ्रान्समधल्या ग्रास गावात याच गुणावर एक रीत बेतली होती. काचेवर शुद्ध चरबीचा थर द्यायचा, त्यावर एकेक फूल मांडायचं, दोन-तीन दिवसांनी ते उचलून ताजं ठेवायचं. चरबी गंधाने भरून जाईपर्यंत हेच. मग तो गंध अल्कोहोलने सोडवून घ्यायचा. फुलावर जबरदस्ती नाही, त्याच्या वेळेने चालायचं. मला ही रीत फार शहाणी वाटते. अर्थात इतकी माणसं नि इतके दिवस परवडेनात. आता हेक्झेनसारख्या द्रावकात फुलं भिजवतात आणि टनभर फुलांतून मेणासारखा अर्क जेमतेम किलोभर हाती येतो.

असा अर्क काढणारे कारखाने मुख्यतः तमिळनाडू-कर्नाटकात. आपल्याकडची गुलछडी हाराला जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘फुले रजनी’ हे गुलछडीचं एकेरी पाकळ्यांचं वाण. गंध एकेरी फुलालाच जास्त. दुहेरी फूल भरदार, ते गुच्छात शोभतं. आडतीत मात्र फुलं काट्यावर पडतात. हुंगून भाव करणारा व्यापारी मी पाहिलेला नाही. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळनंतर दरवळू लागते, तोवर सौदा कधीच झालेला असतो.

शिर्डीत वाहिलेल्या फुलांपासून अगरबत्त्या करण्याचं कामही झालं आहे. चांगलंच आहे, कचरा टळतो, हातांना काम मिळतं. पण वाळवून दळलेल्या पाकळीत फुलाचा गंध फारसा राहत नाही, काडीला वास वेगळा द्यावा लागतो. तो बहुधा कृत्रिम असतो, कारण गुलछडीचा खरा अर्क अगरबत्तीच्या किमतीत बसतच नाही.