तसवीर आणि अमानत

बल्लारपूरच्या आमच्या घरात भिंतीवर एकही फोटो नव्हता. काबाशरीफचे चित्र असलेले कॅलेंडर तेवढे होते. मी पहिला कॅमेरा घेऊन आलो तेव्हा दादी म्हणाली, "बेटा, कयामतच्या दिवशी तसवीर काढणाऱ्याला सांगतील की आता हिच्यात प्राण फुंक. तेव्हा तू काय करशील?" या आशयाची हदीस मला ठाऊक होती. मी शिकलेले उत्तर दिले. कॅमेरा काही निर्माण करीत नाही, आरशासारखे प्रतिबिंब तेवढे धरून ठेवतो. पुष्कळ उलेमांनी हे मान्य केले आहे, पुष्कळांनी केलेले नाही. दादी गप्प राहिली आणि वाद मी जिंकला, असे मला वाटले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत कितीतरी वर्षे कॅमेरा घेऊन हिंडल्यावर कळले की, तिचा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. आज मोहर्लीच्या फाटकावर भल्या पहाटे जिप्सींची रांग लागते. येणाऱ्या माणसाला नुसता वाघ नको असतो, त्याला ठरावीक वाघ हवा असतो. माया, मटकासूर, वाघडोह ही नावे मुंबई-पुण्याच्या मुलांनाही पाठ असतात. मे 2022 मध्ये म्हातारा वाघडोह मेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर घरच्या माणसासारखे लिहिले. मलाही वाईट वाटले. अंगावरच्या पट्ट्यांवरून मी वाघ ओळखतो आणि त्याच्या आईचे नावही सांगतो.

मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. तेंदूपत्ता खाली वाकून तोडावा लागतो आणि वाकलेला माणूस वाघाला चारपायी सावजासारखा दिसत असावा, असे जाणकार सांगतात. पावसाळ्याच्या तोंडावर हातात रोख पैसा देणारे हे काम असते, म्हणून भीती असली तरी बायका जातात. ती बातमी वाचली आणि मी माझा संग्रह उघडला. वाघांचे हजारो फोटो निघाले. तेंदूची पाने तोडणाऱ्या बाईचा एकही निघाला नाही. ज्या रस्त्याने मी वाघ शोधत जात होतो, त्याच रस्त्याने त्या बायका डोक्यावर पुडकी घेऊन परत येत होत्या. त्या चौकटीत येऊ नयेत म्हणून मी थांबत असे.

माणसांचे फोटो मी काढलेच नाहीत, असे नाही. भामरागडच्या बाजारात एका म्हाताऱ्या माडिया बाईचा फोटो काढला होता. गोंदलेला चेहरा, पुढ्यात टोळीचा ढीग. फोटो प्रदर्शनात लागला, त्याला बक्षीस मिळाले. दोन वर्षांनी प्रत घेऊन मी तिच्याकडे गेलो. शाळेत शिकणारा तिचा नातू दुभाषी झाला. तिने फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मी कोण, असे लोकांनी विचारले असेल. तू काय सांगितलेस?" मला उत्तर देता आले नाही. फोटोखाली मी लिहिले होते, 'माडिया वृद्धा'. चितळाच्या फोटोखाली 'चितळ, मादी' लिहितो, तसेच. वाघाला मी नाव दिले आणि बाईच्या नावाच्या जागी तिच्या जमातीचे नाव लिहिले.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. 1993 मध्ये केव्हिन कार्टरने सुदानमध्ये भुकेने कोसळलेले मूल आणि त्याच्या मागे बसलेले गिधाड टिपले. 1994 मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्याने आत्महत्या केली. मुलाला उचलले का नाही, हा प्रश्न जगाने त्याला पुन्हा पुन्हा विचारला. त्या मुलाचे नाव काय, हे मात्र जगाला कैक वर्षे ठाऊक नव्हते. ती मुलगी आहे असेच लोक समजत होते. 2011 मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राने माग काढला, तेव्हा कळले की तो मुलगा होता, त्याचे नाव कोंग न्योंग होते आणि त्या दुष्काळातून तो वाचला होता.

यावर कुणी म्हणेल की, फोटोंमुळेच वाघ वाचला. हे खोटे नाही. ताडोबाच्या शेजारी लोहाऱ्याला होऊ घातलेली कोळशाची खाण वाघामुळे अडली. वाघावर लोकांचे प्रेम बसले ते फोटो पाहूनच. पण ज्याला आपण नाव देतो त्याला तरी आपण सुखाने जगू देतो का? 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले होते. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. गाड्यांमधल्या सगळ्यांचेच त्या वाघिणीवर प्रेम होते. म्हणजे बाईला आपण नाव दिले नाही आणि वाघिणीला वाट दिली नाही. दोन्ही ठिकाणी आपल्याला हवी होती ती फक्त तसवीर.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने मला वेगळे काही शिकवले. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. मी कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा आधी मला बसवून विचारले, कशासाठी काढणार, कुणाला दाखवणार, आम्हाला काय कळवणार? पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आले की, हे प्रश्न मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

आणि ताडोबा हे नाव तरी कुणाचे? आदिवासी सांगतात की, तारू नावाचा त्यांचा एक पूर्वज वाघाशी लढता लढता मेला. तळ्याकाठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. देशभरचे लोक ज्या जंगलात वाघ पाहायला येतात, त्या जंगलाला वाघाने मारलेल्या माणसाचे नाव आहे. त्या लोकांनी आपला माणूस विसरू दिला नाही आणि म्हणून वाघही संपवला नाही. दोघांना एकाच जंगलात जागा ठेवली.

कुराणात पशुपक्ष्यांना तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे आणि माणसाकडे अमानत सोपवल्याचे सांगितले आहे. अमानत म्हणजे जी आपली नाही, पण जिचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे अशी वस्तू. फोटो अमानत आहे, असे मी आता मानतो. दादीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. तसवीरीत प्राण फुंकणे माझ्या हातात नाही. पण जिचा चेहरा नेला तिला नाव विचारणे, प्रत परत नेऊन देणे, वाघिणीने वाट बदलली की गाडी मागे घेणे, एवढे माझ्या हातात आहे. हिशेब एवढ्याचाच मागतील, असे वाटते.

सिंदेवाहीच्या त्या तीन स्त्रियांची नावे मी इथे दिलेली नाहीत, कारण त्यांच्या घरच्यांना मी विचारलेले नाही. भामरागडच्या आजीला मात्र त्याच दिवशी नाव विचारले. तिने ते दोनदा सांगितले आणि मी ते नीट लिहिले का, हे नातवाकडून वाचून घेतले. माझ्याकडच्या प्रतीच्या मागे ते लिहिलेले आहे. छापू का, हे तेव्हा विचारायचे राहिले. पुन्हा जाईन तेव्हा विचारीन.