तीन प्रश्न, आणि न विचारलेला चौथा

पाठ टेकून बसा. डोळे मिटा किंवा उघडे असू द्या. घाई नाही.

‘मी असा का?’, ‘मी अशी का?’ हा प्रश्न आज नको. त्यावर मन चटकन निकाल देऊन टाकतं, आणि निकाल लागला की पाहणं थांबतं. जपानमध्ये योशिमोतो इशिन (१९१६–१९८८) यांनी आत्मपरीक्षणाची ‘नाइकान’ ही पद्धत घडवली. आठवडाभर एका कोपऱ्यात, पडद्याआड बसायचं आणि तीनच प्रश्न धरून आपलं आयुष्य पाहायचं. तिथल्या तुरुंगांतही ती वापरली गेली.

सुरुवात बहुधा आईपासून होते. तुम्हाला आजीने किंवा मावशीने वाढवलं असेल, तर तिला आठवा. मात्र त्या नात्यात मारहाण, अत्याचार सोसले असतील, तर आज दुसरं माणूस निवडा.

पहिली-दुसरीतली वर्षं घ्या. तिच्याकडून मला काय मिळालं?

‘खूप काही’ हे उत्तर नको. एखादा दिवस शोधा. डब्यात काय होतं? ते करायला ती किती वाजता उठली असेल? तापात कपाळावरची पट्टी रात्रभर कोण बदलत होतं? एकेक गोष्ट येऊ द्या.

आता, मी तिला काय दिलं?

इथे बराच वेळ काहीच सुचत नाही. ती रिकामी जागा भरायची धडपड करू नका. कधी दळण आणलं असेल, तर तेवढंच.

मी तिला कोणता त्रास दिला?

सर्वांत जास्त वेळ यालाच द्यायचा. स्वतःला दूषणं देऊ नका, घडलं ते पाहा. जत्रेतला हट्ट. हरवलेली छत्री. ढकललेलं ताट, आणि त्या क्षणीचा तिचा चेहरा.

एव्हाना चौथा प्रश्न डोकं वर काढेल: तिने मला कोणता त्रास दिला? नाइकानने तो जाणूनबुजून वगळला आहे. तो मन आपणहून विचारतच असतं. बाकीच्या तिन्हींसाठी मुद्दाम बसावं लागतं. मला ही पद्धत मोलाची वाटते ती इथेच. माणूस तोच, दिवस तेच, पण प्रश्न बदलताच वर्षानुवर्षं न आठवलेलं काही वर येतं.

उद्या तिसरी ते पाचवीची वर्षं घ्या, परवा पुढची तीन. असं करत आजपर्यंत आलात की वडील घ्या, मग भावंडं, मग ज्याच्याशी सध्या बोलणं बंद आहे ते माणूस. प्रश्न तेच, क्रमही तोच.